विश्लेषण : शिवी हासडल्याने वेदना खरेच कमी होतात?

पायाची करंगळी पलंगाच्या पायावर आपटली, की तोंडून पहिला शब्द कोणता निघतो हे सांगायला नको. त्या शब्दाचा शरीराला काही उपयोग होतो का, हे शास्त्रज्ञांनी तपासले आहे. इकडे अहिल्यानगर जिल्ह्यातील सौंदाळा गावाने नोव्हेंबर २०२४ मध्ये आई-बहिणीवरून शिवी देणाऱ्याला ५०० रुपये दंडाचा ठराव ग्रामसभेत केला. मग हा ठराव विज्ञानाच्या विरोधात जातो का?

प्रयोग काय होता?

ब्रिटनमधील कील विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ रिचर्ड स्टीफन्स आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये विद्यार्थ्यांना बर्फगार पाण्यात हात बुडवून ठेवायला सांगितले. एकदा शिवी देत, एकदा साधा शब्द उच्चारत. शिवी देताना हात सरासरी जास्त वेळ पाण्यात राहिला, दुखणेही कमी जाणवले आणि हृदयाचे ठोके वाढले. या संशोधनाला २०१० मध्ये शांततेचे ‘इग नोबेल’ मिळाले. पुरस्कार गमतीचा, प्रयोग मात्र गंभीर. २०१८ मधील अभ्यासात सायकलिंगमधील जोर आणि हाताची पकडही थोडी वाढलेली दिसली.

असे का होते?

तणावात शरीर लढायला किंवा पळायला सज्ज होते आणि वेदना दबते, असा सुरुवातीचा अंदाज होता. पण २०१८ च्या प्रयोगात ठोक्यांमध्ये तसा फरक आढळला नाही, त्यामुळे नेमके कारण अजून सापडलेले नाही. २०२० मध्ये शिवीसारख्या वाटणाऱ्या बनावट शब्दांचा प्रयोग झाला. त्यांनी वेदना कमी झाली नाही. म्हणजे नुसता ठसकेबाज उच्चार पुरत नाही. लहानपणी ज्या शब्दासाठी फटका खाल्ला, त्यातच जोर असावा.

ऊठसूट शिव्या देणाऱ्यांचे काय?

त्यांना फायदा कमी, असे २०११ च्या अभ्यासात दिसले. सवयीने शब्द बोथट होतो. कोकणात शिमग्यापुरती शिव्यांना मोकळीक देणाऱ्या पूर्वजांना हे उमगले असावे!

मग सौंदाळ्याचे चुकले का?

अजिबात नाही. प्रयोगातील शिवी कोणालाही उद्देशून नव्हती; ती पाण्यात हात बुडवून स्वतःशीच दिलेली होती. समोरच्यावर शिवी फेकल्याने त्याची वेदना कमी होते, असे कोणत्याही प्रयोगाने म्हटलेले नाही. सौंदाळ्यात मुद्दा वेदनेचा नव्हताच. बांधावरून भांडतात दोन पुरुष आणि शिवी बसते ती घरी असलेल्या आईला, बहिणीला. ग्रामसभेने दंड लावला तो याच शिवीला.