बर्फ निसरडा, मग हँडल जड का?

दोस्तांनो, गुलमर्गला जाऊन आलेल्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलंय. ती तिथे बर्फावरच्या स्कूटरवर बसली होती. तिनं लिहिलंय, 'वळण आलं की चालवणाऱ्या काकांचे हात अगदी ताठ व्हायचे. बर्फ तर इतका निसरडा, मग हँडल फिरवायला जोर का लागतो?'

प्रश्न झकास आहे! सगळेजण फोटो काढून परत येतात, हिनं मात्र काकांच्या हातांकडे पाहिलं.

या गाडीचं नाव स्नोमोबाईल. हिला पुढे चाकं नसतात, दोन स्की असतात. मागे रणगाड्याला असतो तसा, पण रबराचा, रुंद पट्टा. इंजिन पट्टा फिरवतं आणि पट्टा गाडी ढकलतो. वळवायचं काम मुख्यतः त्या दोन स्कींचं. (चालवणारा वळणाच्या बाजूला अंग झुकवून मदत करतो, ते वेगळं.)

हिची गोष्ट कॅनडातली. क्वेबेक प्रांतातल्या व्हॅलकूर गावच्या जोसेफ-आर्मांड बोंबार्डिए या मुलानं 1922 साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, घसरगाडीला मोटारीचं इंजिन आणि विमानासारखा पंखा जोडून ती बर्फावर पळवली. वडिलांनी म्हणे ती लगेच मोडायला लावली! पुढे 1934च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा आजारी पडला. रस्ते बर्फानं बंद झालेले. दवाखान्यात पोचता आलं नाही आणि मुलगा गेला. बोंबार्डिए आपल्या यंत्रावर खपतच राहिला. 1937 साली त्याला पट्ट्याच्या रचनेचं पेटंट मिळालं आणि 1959 साली त्याची छोटी 'स्की-डू' बाजारात आली.

आता हँडलकडे वळू. स्कीचा तळ अगदी गुळगुळीत असता, तर हँडल एका बोटानं फिरलं असतं. पण गाडी वळली नसती! स्की आडव्या घसरत गेल्या असत्या आणि गाडी नाकासमोर. म्हणून स्कीच्या तळाला मधोमध एक लांबट उंचवटा असतो आणि त्याखाली पोलादी सळई. सळईच्या मधल्या भागात कार्बाइड नावाच्या फार कठीण पदार्थाची धार बसवलेली असते. ती कडक बर्फात रुतते, म्हणून गाडी वळते. आणि रुतते म्हणूनच हँडल जड लागतं. गंमत आहे की नाही?

खरं वाटत नसेल तर एक प्रयोग करा. परातीत ओली वाळू घट्ट दाबून भरा. पंधरा सेंटिमीटरची पट्टी तिच्यात उभ्या धारेनं रोवा आणि वरून धरून पिळा. मग तीस सेंटिमीटरची पट्टी तेवढीच रोवून पिळा. लांब पट्टी जड जाते ना? आता छोटीच पट्टी आणखी खोल दाबून बघा. तीही जड! म्हणजे दोन कारणं तुम्हीच शोधलीत: धारेची लांबी आणि वरचं वजन.

पहिल्यावर उपाय सोपा. गरजेपेक्षा लांब कार्बाइड असेल तर आखूड बसवायचं. दुसरं कारण जरा लपलेलं असतं. पट्ट्याच्या आत एक चौकट असते आणि तिच्या पुढच्या बाजूला एक वादी. तिला म्हणतात लिमिटर स्ट्रॅप. ती आवळली, की पट्ट्याचा पुढचा भाग वर ओढला जातो आणि गाडीचं वजन स्कींवर येतं. जरा सैल सोडली, की तेच वजन पट्टा उचलतो आणि हँडल हलकं होतं. सायकलच्या हँडलला दळणाची पिशवी अडकवा आणि मग तीच मागच्या कॅरियरवर ठेवा, म्हणजे हा फरक हाताला लगेच कळेल.

तिसरं कारण आहे धारेची जागा. स्की ज्या दांड्याभोवती वळते, त्याच्या बरीच मागे धार असेल तर स्की सारखी सरळ व्हायला बघते आणि तिला वळवायला जोर लागतो. धार फार पुढे असेल तर हँडल हलकं होतं, पण गाडी आधीच्या गाड्यांच्या चाकोऱ्यांत शिरून डावी-उजवीकडे हिसके देते. म्हणून धारेचा मध्य दांड्याच्या किंचित मागे असलेला बरा.

शिवाय दोन्ही स्की एकमेकींशी जुळलेल्या हव्यात. हँडल सरळ धरून स्कींच्या पुढच्या टोकांमधलं अंतर मोजतात, मग मागच्या टोकांमधलं. बहुतेक गाड्यांत पुढचं अंतर काही मिलिमीटरच जास्त ठेवतात. नेमकं किती, ते त्या गाडीच्या पुस्तिकेत असतं. एक स्की पूर्वेला आणि दुसरी पश्चिमेला निघाली, तर दमणार कोण? चालवणाराच!

अर्थात या सगळ्याआधी जाणता कारागीर साध्या गोष्टी बघतो. दांड्यात ग्रीस आहे का? एखादी सळई वाकली आहे का? माझ्या मते निम्मी दुखणी इथेच सापडावीत. मग तो एका वेळी एकच बदल करतो आणि त्याच वळणावर गाडी पुन्हा फिरवून बघतो. दोन बदल एकदम केले, तर गुण कशाचा आला हे कसं कळणार?

पण हँडल हलकं करायच्या नादात स्कींवरचं वजन फारच कमी झालं तर? मग हँडल फिरतं, गाडी मात्र सरळच जाते. क्वेबेकच्या जंगलातल्या अरुंद वाटेवर सरळ म्हणजे झाडावर, नाहीतर समोरून येणाऱ्या गाडीवर. म्हणून कालपर्यंत जड असलेलं हँडल काहीही न करता आपोआप हलकं झालं, की तिथले जाणकार खूश होत नाहीत. ते गाडी थांबवतात, इंजिन बंद करतात आणि आधी स्की उचलून तळाची धार झिजली आहे का ते बघतात.