शून्याचा सोस

पनवेलच्या फ्लॅटमध्ये दोनशे लिटरची खाऱ्या पाण्याची रीफ, म्हणजे प्रवाळांची, टाकी मांडणाऱ्याला पहिला उपदेश मिळतो तो शून्याचा. नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य, काचेवर डाग शून्य. टेस्ट किटच्या नळीत रंग उमटला नाही की मालक समाधानाने झोपतो. माझं म्हणणं असं, की हे ध्येयच चुकीचं आहे. टाकीत पोषणद्रव्यं किती साठली एवढंच पाहून भागत नाही. ती रोज किती येतात आणि किती जातात, हा खरा हिशेब आहे.

पूर्वपक्ष पोकळ नाही, हे आधी मान्य करू. मासे कल्ल्यांतून अमोनिया सोडतात, उरलेलं खाद्य कुजूनही अमोनियाच होतो. जिवाणू त्याचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात. फॉस्फेट मुख्यतः खाद्यातूनच येतं. दोन्ही वाढली की केसाळ शेवाळ प्रवाळाला गुदमरवतं. फॉस्फेट फार झालं तर प्रवाळाचा चुन्याचा सांगाडा नीट बांधला जात नाही. शिवाय समुद्रातल्या प्रवाळभिंतीभोवतीच्या पाण्यात ही द्रव्यं अगदी नगण्य असतात. मग निसर्गाचाच कित्ता का गिरवू नये?

कारण हा कित्ता अर्धाच वाचलेला असतो. समुद्रात पाण्यातला साठा कमी असला तरी ओघ प्रचंड असतो. लाट प्लवकांचा घास घेऊन येते, माशांचे थवे भिंतीवर विष्ठा सांडून जातात, आणि प्रवाळ ते सतत टिपत राहतो. बंद टाकीत असली लाट नसते. तिथे साठाही शून्य केला आणि खाद्यही चिमूटभर ठेवलं, तर प्रवाळ उपाशीच राहणार. प्रवाळाच्या पेशींत राहून त्याला अन्न पुरवणाऱ्या सूक्ष्म शैवालांनाही नायट्रोजन आणि फॉस्फरस लागतातच. साउथॅम्प्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली दाखवलं, की नायट्रोजन भरपूर पण फॉस्फेटचा दुष्काळ अशा पाण्यात प्रवाळ उष्णता आणि प्रखर प्रकाशापुढे लवकर पांढरा पडतो. मे महिन्यात पनवेलमध्ये टाकी थंड ठेवताना नाकी नऊ येतात. तेव्हा हा निष्कर्ष आपल्यासाठी पुस्तकी राहत नाही.

शून्याचा आकडा फसवाही असतो. शेवाळाने भरलेल्या टाकीतसुद्धा किट नायट्रेट शून्य दाखवू शकतं, कारण तयार होणारा कण न् कण शेवाळ गिळत असतं. उलट दोन्ही द्रव्यं खरोखर संपली की शेवाळ हटतं आणि वाळूवर बुडबुडे धरलेला तपकिरी चिकटा पसरतो. हे डायनोफ्लॅजेलेट. हटवायला ते शेवाळापेक्षा कितीतरी चिवट.

दुसरा पक्ष म्हणतो, एवढा खल कशाला, दर आठवड्याला पाणी बदला. इथे साधं गणित करावं. टाकीत आठवड्याला २ पीपीएम (दहा लाखांत दोन भाग) नायट्रेट तयार होत असेल आणि आपण दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलत असू, तर पातळी चढत चढत २० पीपीएमवर जाऊन थांबते. बदललं की १८, आठवड्याने पुन्हा २०. पाणीबदलाने झिजलेले क्षार भरून निघतात, म्हणून तो हवाच. पण आवक-जावकीचा तोल एकटा तो सांभाळू शकत नाही.

तिसऱ्याचा सल्ला स्वस्तातला: खाडी जवळ आहे, पाणी तिथूनच आणा. पण तळोजा औद्योगिक वसाहतीला लागून वाहणारी कासाडी नदी अखेर याच खाड्यांना मिळते. २०१७ साली तिथल्या रंगमिश्रित सांडपाण्याने भटकी कुत्री निळी झाली, ते देशभर गाजलं. मिठागरातलं मीठही चालत नाही. पाणी आटताना कॅल्शियमचे क्षार आधी खाली बसतात, मॅग्नेशियम उरलेल्या कडू पाण्यात राहतं, आणि हाती येतं ते बहुतांश निव्वळ सोडियम क्लोराइड. प्रवाळाला नेमकं हवं असतं ते वाटेतच गळून गेलेलं असतं.

यावर कोणी विचारेल, कासाडीचं उदाहरण तुम्हीच दिलंत, मग घाणीला पोषण कसं म्हणता? उत्तर सोपं आहे. कासाडीत विषारी रसायनं आली आणि पचवण्याच्या ताकदीपलीकडचा भार आला. टाकीतही भार पचनशक्तीच्या बाहेर गेला तर तीच गत होईल. म्हणून उपाय उपासमारीचा नाही, पचनशक्ती वाढवण्याचा आहे.

ती वाढवायची कशी? जकार्ताच्या ली चिन एंग यांनी १९६०च्या सुमारास जिवाणू वसलेले ‘जिवंत’ खडक आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर प्रवाळ सांभाळून दाखवले होते. सच्छिद्र खडकाच्या पोटात प्राणवायू कमी असतो; तिथले जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करतात आणि तो हवेत निघून जातो. फॉस्फेटला मात्र हवेची वाट नाही, ते हातानेच बाहेर काढावं लागतं. म्हणून टाकीला जोडलेल्या सम्पमध्ये, म्हणजे छोट्या उपटाकीत, कीटोमॉर्फा हे शेवाळ वाढवून ते नियमित कापावं. अगदीच गरज पडली तर लोह-ऑक्साइडचे दाणे वापरावेत, तेही थोडे थोडे, कारण फॉस्फेट एकदम कोसळलं तर प्रवाळालाच झटका बसतो. स्किमर या फेस काढणाऱ्या यंत्राचं काम याच्या आधीचं: प्रथिनं कुजून अमोनिया होण्यापूर्वीच तो ती फेसासोबत उचलतो. नायट्रेट २ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएमच्या आसपास स्थिर राहिलं की पुरे. माशांना पोटभर खाऊ घालावं. नवं पाणी आरओ-डीआय गाळणीतून शुद्ध केलेलंच असावं, कारण नळाच्या पाण्यातूनही ही द्रव्यं येऊ शकतात.

एक मर्यादा मात्र निर्विवाद आहे. भिंत बांधणारे कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे हे २००१पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. दुकानात ‘स्वस्तात’ मिळाले तरी ते घरी आणणं हा गुन्हाच. हौस त्या यादीबाहेरच्या जिवांवर भागवावी, आणि स्किमरचा गाळ किंवा कापलेलं शेवाळ गाढी नदीत सोडू नये.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी अभिमानाने ‘माझं नायट्रेट शून्य’ म्हणालं, तर कौतुकाआधी दोनच प्रश्न विचारावेत: आठवड्यात खाऊ किती घातलात, आणि बाहेर किती काढलंत? यांची उत्तरं नसतील, तर त्या शून्याला काडीचीही किंमत नाही.