मांस नाही, पण मासा आहे!

परदेशी गेलेल्या शाकाहारी माणसाच्या निष्ठेची खरी कसोटी किराणा दुकानात लागते. जपानमध्ये ती विशेष कठीण. सुपरमार्केटच्या फळ्यांवर झटपट नूडल्सचे असंख्य प्रकार मांडलेले असतात. वेष्टनावर मका, कोबी, कांद्याची पात. मांसाचा मागमूसही नाही. मात्र मागील बाजूच्या बारीक मजकुरात डुकराचा, कोंबडीचा किंवा बोनिटो माशाचा अर्क निमूटपणे बसलेला असतो. ‘यात मांस नाही ना?’ असे विचारल्यास दुकानदार प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणेल. त्याच्या लेखी रश्श्यातील मासा म्हणजे मांस नव्हेच!

यात लबाडी नाही, इतिहास आहे. बौद्ध विचारांच्या प्रभावाखाली इ. स. ६७५ मध्ये सम्राट तेम्मू यांनी गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांच्या मांसावर निर्बंध घातले. मासे त्या यादीत नव्हते. पुढे १८७२ मध्ये सम्राट मेइजी यांनी गोमांस खाल्ल्याचे जाहीर झाले आणि जुना संकोच मोडला. मासा मात्र त्याआधीपासूनच स्वयंपाकाचा पाया होता. कोकण-गोव्यातील सारस्वतांची मत्स्याहाराची परंपरा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या भेदाचे नवल वाटू नये.

परंतु याच भूमीने दुसरी परंपराही जपली. बौद्ध मठांतील ‘शोजिन र्‍योरी’ हा आहार मांस-मासे तर वर्ज्य मानतोच, शिवाय कांदा-लसूणही टाळतो. कांदे नवमीनंतर चातुर्मास पाळणाऱ्या मराठी घराला हे परके वाटणार नाही. १२३७ मध्ये आचार्य दोगेन यांनी मठातील स्वयंपाक्याच्या कर्तव्यांवर स्वतंत्र ग्रंथ रचला. या पाकशाळांत रश्श्याला चव येते ती कोंबू हे समुद्री शेवाळ आणि वाळवलेली शिताके अळिंबी यांनी. १९०८ मध्ये किकुनाए इकेदा यांनी त्या चवीचे मूळ कोंबूतील ग्लुटामेटमध्ये शोधले. चवीसाठी मासा अपरिहार्य नाही, हे मठांनी अनुभवाने आणि विज्ञानाने प्रयोगाने सिद्ध केले.

मोमोफुकू आन्दो यांनी १९५८ मध्ये बाजारात आणलेले पहिले झटपट नूडल्स कोंबडीच्या चवीचेच होते. आज यामादाईसारखी जपानी कंपनी ‘व्हीगन’ तानतानमेन विकते. उकळते पाणी ओतून काही मिनिटे थांबले की तिळाचा दाट, तिखट रस्सा तयार होतो. तीळकुटावर वाढलेल्या जिभेला तो पहिल्याच घोटात ओळखीचा वाटतो. उणीव भासते ती माशाच्या धुरकट वासाची, आणि तीही केवळ त्याची सवय असलेल्याला.

तरीही एका शब्दावर विसंबून राहणे योग्य नव्हे. जपानने २०२२ मध्ये शाकाहारी व व्हीगन प्रक्रियायुक्त अन्नासाठी राष्ट्रीय मानक ठरवले. पण ते ऐच्छिक आहे. भारतात वेष्टनबंद खाद्यपदार्थांवर हिरवी वा तपकिरी खूण सक्तीची आहे. तशी सक्ती तेथे नाही. ‘व्हीगन’ म्हणजे कांदा-लसूणविरहित असेही नव्हे. आणि एका कपात पाच ग्रॅमच्या आसपास मीठ असणे झटपट नूडल्सच्या बाबतीत नवलाचे नाही. जागतिक आरोग्य संघटना तर दिवसभरासाठी त्याहून कमी मीठ सुचवते. पदार्थ अहिंसक झाला म्हणून आपोआप पथ्यकर होत नाही.

येथे बोध घ्यायचा तो एवढाच. परमुलखात आहारनिष्ठा टिकते ती यजमानांना नावे ठेवून नव्हे आणि संकोचाने मौन पाळूनही नव्हे. ती टिकते नेमक्या प्रश्नाने. ‘मांस आहे का?’ याऐवजी ‘रस्सा कशाचा आहे?’ असे विचारणारे ग्राहक वाढले, तर उत्पादकालाही उत्तर वेष्टनाच्या दर्शनी भागावर छापावे लागेल. निष्ठा मनात असून भागत नाही. ती समोरच्याला समजेल अशा शब्दांत सांगताही आली पाहिजे.