अमेरिकेचं पार्सल पुन्हा सुरू झालं, पण हिशोब बदलला

टपाल खात्याने १५ ऑक्टोबर २०२५ पासून अमेरिकेला पार्सल घेणं पुन्हा सुरू केलं. २५ ऑगस्टला बंद पडलेली ही सेवा ५१ दिवसांनी चालू झाली. बातमी आली तेव्हा सगळे दिवाळीच्या गडबडीत होते, त्यामुळे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. पण ज्यांनी गेल्या तीन-चार वर्षांत मोबाईलवर फोटो टाकून चप्पल, घोंगडी, पितळी वस्तू, फराळ असं काही ना काही अमेरिकेत विकायला सुरुवात केली, त्यांच्यासाठी हे ५१ दिवस फार जड गेले. आता दार उघडलंय, पण उंबरा उंच झालाय. तो किती उंच, आणि ओलांडायचा की नाही, एवढंच या लेखात बघू.

नेमकं झालं काय?

अमेरिकेत २०१६ पासून एक सवलत होती. ८०० डॉलरपर्यंतचं पार्सल बाहेरच्या देशातून आलं तर त्यावर आयात शुल्क लागत नव्हतं. आपल्याकडचा कारागीर दोन हजारांची चप्पल टपालाने पाठवायचा आणि ती सरळ गिऱ्हाइकाच्या दारात पडायची. मध्ये ना एजंट, ना कंटेनर. छोट्या माणसाचा सगळा ऑनलाईन धंदा या एका सवलतीवर उभा होता, आणि पुष्कळांना ती सवलत आहे हेही ठाऊक नव्हतं.

ही सवलत आधी २ मे २०२५ ला चीन आणि हाँगकाँगसाठी बंद झाली. मग ३० जुलैला अध्यक्ष ट्रम्प यांनी आदेश काढला आणि २९ ऑगस्टपासून ती सगळ्या देशांसाठी गेली. त्यात भारतावर ७ ऑगस्टपासून २५ टक्के आणि रशियाच्या तेलाचं कारण देऊन २७ ऑगस्टपासून आणखी २५ टक्के, असं ५० टक्के शुल्क बसलं. हे शुल्क पार्सलमागे गोळा कुणी करायचं, भरायचं कुठं, याचे नियमच वेळेत ठरले नाहीत. विमान कंपन्यांनी टपालाचा माल घ्यायला नकार दिला आणि टपाल खात्याला बुकिंग थांबवावं लागलं. खासगी कुरियर चालू होते, पण त्यांचा दर छोट्या पार्सलला परवडत नाही.

वेळ बघा कशी आली. गणपती, दसरा, दिवाळी हाच परदेशातल्या मराठी माणसाचा खरेदीचा हंगाम. सेवा सुरू झाली तेव्हा लक्ष्मीपूजनाला सहा दिवस उरले होते. टपालाने गेलेला फराळ तेवढ्यात पोचत नाही.

कोल्हापुरीची संधी आणि अडचण एकाच वर्षात

२०२५ च्या जूनमध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. ओरड झाल्यावर कंपनीने ही प्रेरणा भारतीय कारागिरीची असल्याचं मान्य केलं आणि जुलैत त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन गेली. या चपलेला भौगोलिक मानांकन आहे. आपले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात येतात. जगभर नाव झालं, लोक नेटवर कोल्हापुरी शोधायला लागले, आणि दोन महिन्यांत अमेरिकेची वाट बंद. गिऱ्हाईक दारात आणि दुकानाला कुलूप, अशी गत.

हिशोब कसा बसत होता?

ऑक्टोबर २०२५ मध्ये टपाल खात्याच्या नव्या पद्धतीत मालाच्या जाहीर किमतीच्या ५० टक्के शुल्क इथंच, बुकिंगच्या वेळी भरायचं होतं. तिकडं गिऱ्हाइकाला काही द्यावं लागत नव्हतं. कुरियरने किंवा मोठ्या मालाने गेलं तर त्या त्या वस्तूचं मूळ शुल्कही वर लागतं. टपालाला तेव्हा ते लागत नव्हतं, एवढा फायदा होता.

समजा चप्पल १५०० रुपयांची आणि टपालखर्च १२०० रुपये. आधी गिऱ्हाइकाला २७०० पडायचे. ५० टक्के शुल्क असताना १५०० वर ७५० शुल्क, म्हणजे एकूण ३४५०. लोक म्हणतात माल दीडपट महाग झाला. तसं नाही. शुल्क मालाच्या किमतीवर आहे, टपालखर्चावर नाही. त्यामुळे गिऱ्हाइकाच्या खिशाला साधारण २८ टक्के जास्त पडायचे. हे थोडं नाही, पण धंदा मोडावा इतकंही नाही. हाताने शिवलेली, चांगल्या चामड्याची चप्पल तिथल्या गिऱ्हाइकाला या भावातही जड वाटत नाही. मार बसेल तो हलक्या मालाला, जिथं दहा-वीस रुपयांवर स्पर्धा असते.

म्हणून पहिली गोष्ट, भाव सांगताना घरपोच भाव सांगा. माल, टपाल आणि शुल्क मिळून एकच आकडा. आधी कमी सांगून मागून पैसे मागितले की गिऱ्हाईक परत येत नाही.

दुसरी गोष्ट, माप. अमेरिकेचा आकडा वेगळा चालतो. आपला ८ नंबर म्हणजे तिकडच्या पुरुषांचा साधारण ९. गिऱ्हाइकाला कागदावर पाऊल ठेवून रेघ मारायला सांगा आणि लांबी सेंटिमीटरमध्ये मागवा. चप्पल परत आली तर जाण्यायेण्याचं टपाल तर गेलंच, पण भरलेलं शुल्कही सहजासहजी हाती लागत नाही.

‘गिफ्ट म्हणून पाठव’ हा सल्ला नको

सध्या गावोगावी एक सल्ला फिरतोय. अमेरिकेत १०० डॉलरपर्यंतच्या भेटवस्तूला शुल्क नाही, तेव्हा विकलेल्या मालावरही ‘गिफ्ट’ लिहा. हे खोटं जाहीर करणं आहे. भेट म्हणजे माणसाने माणसाला पैसे न घेता पाठवलेली वस्तू. पैसे बँकेत आलेत आणि कागदावर गिफ्ट, हे पकडलं गेलं तर पार्सल जाईल आणि पुढची पार्सलंही संशयाने उघडली जातील.

फराळाचंही तसंच. घरी केलेला लाडू आईने पोराला पाठवला तर त्याला मोकळीक आहे. पण विकायचा असेल तर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे कारखान्याची नोंदणी आणि प्रत्येक खेपेची आगाऊ सूचना लागते. बचत गटांनी हे आधी विचारून घ्यावं, पीठ मळल्यावर नाही.

आपल्याकडचे कागद फार नाहीत. आयात-निर्यात कोड ऑनलाईन ५०० रुपयांत मिळतो. दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये त्याची माहिती ताजी करायची, नाहीतर तो बंद पडतो. जीएसटी नंबर असेल तर निर्यातीवर कर न भरता माल पाठवता येतो, त्यासाठी हमीपत्र दरवर्षी भरावं लागतं. पैसे कार्डाने आले असतील तर पार्सलचा ट्रॅकिंग नंबर आणि पॅकिंगचे फोटो जपून ठेवा. गिऱ्हाइकाने बँकेत तक्रार केली की मिळालेले पैसे परत खेचले जातात, तेव्हा हेच पुरावे कामी येतात.

शेतकऱ्याला हे नवं नाही

परक्या देशाचा नियम आपल्या दारात येऊन कसा बसतो, हे द्राक्षवाल्यांना विचारा. २०१० साली क्लोरमेक्वाटचा अंश सापडला म्हणून युरोपने आपली द्राक्षं नाकारली आणि बागायतदार बुडाले. कांद्यावर तर डिसेंबर २०२३ मध्ये आपल्याच सरकारने निर्यातबंदी घातली. ऑनलाईन धंदा म्हणजे शेतीच्या कटकटीतून सुटका, असं तरुण पोरांना वाटतं. पण माल सीमेपलीकडे जाणार असेल तर तिथलाही भाव दुसऱ्याच्या हातात असतो. फरक एवढाच की पावसाऐवजी सरकारी आदेश बघायचे.

म्हणून एकाच देशावर भिस्त नको. ब्रिटनमध्ये १३५ पौंडांपर्यंतच्या मालावर आयात शुल्क नाही, युरोपीय संघात २०२५ मध्ये १५० युरोपर्यंत नव्हतं. दोन्हीकडे व्हॅट मात्र पहिल्या पार्सलपासून लागतो. मोठ्या ऑनलाईन बाजारातून विकलं तर तो व्हॅट बाजारवालाच कापून भरतो. सुरुवात करणाऱ्याला तेच सोपं.

आणि ज्याला पार्सलच लागत नाही, असाही धंदा आहे. अमेरिकेत मराठी मंडळांच्या शाळा चालतात, घरोघरी आई-बाप पोरांना मराठी, तबला, हार्मोनियम शिकवायला बघतात. शिकवणीला सीमाशुल्क नाही. फक्त वेळेचं गणित पाळावं लागतं. नोव्हेंबरमध्ये तिकडं घड्याळ एक तास मागे जातं, म्हणजे न्यूयॉर्कपेक्षा आपण साडेनऊऐवजी साडेदहा तास पुढे असतो.

तालुक्याने काय मागायचं?

टपाल खात्याची डाकघर निर्यात केंद्रं देशात हजारावर आहेत. तिथं निर्यातीचे कागद ऑनलाईन भरून पार्सल देता येतं. प्रश्न असा की ही सोय पोस्टातल्या खिडकीवरच्या माणसाला माहीत आहे का, आणि नवं शुल्क तो अचूक सांगतो का. आपल्या भागातलं सर्वांत जवळचं केंद्र कुठलं, हे ग्रामपंचायतीने फळ्यावर लावायला काय हरकत आहे? एकेका कारागिराला कागद जड वाटत असतील तर गटाने एक कोड काढून सगळ्यांचा माल पाठवावा. दूध आपण असंच घालतो.

अमेरिकेचं शुल्क उद्या कमी होईल किंवा वाढेल, ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्ली आणि वॉशिंग्टनमध्ये बोलणी चालू होती. तोवर ज्यांच्याकडे नोंदवलेल्या ऑर्डरी अडकल्या आहेत त्यांनी गिऱ्हाइकाला या आठवड्यात सरळ निरोप पाठवावा: शुल्क एवढं, एकूण एवढं, हवं तर पाठवतो, नको तर पैसे परत. काही ऑर्डरी जातील. पण जी गिऱ्हाइकं टिकतील ती पुढच्या दिवाळीलाही येतील.