दिल्लीतील ईशान्य भारतीय : नागरिकत्व आहे, ओळख नाही

सरोजिनी नगर (नवी दिल्ली) : येथील कपड्यांच्या बाजारात मणिपूर किंवा मिझोरामच्या तरुणीला विक्रेता अनेकदा मोडक्या इंग्रजीत भाव सांगतो आणि तिने हिंदीत घासाघीस सुरू केली की चकित होतो. प्रसंग किरकोळ आहे. मात्र जवळच्याच हुमायूंपूरमध्ये भाड्याने राहणाऱ्या ईशान्येकडील तरुणांना हीच नजर घरमालकाकडून आणि शेजाऱ्यांकडूनही सोसावी लागते. ‘अखुनी’ हा २०१९ चा चित्रपट याच गल्ल्यांत घडतो. अखुनी म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा नागा पदार्थ. २००७ मध्ये खुद्द दिल्ली पोलिसांनी पुस्तिका काढून, असे उग्र वासाचे पदार्थ शिजवताना शेजाऱ्यांना त्रास होऊ देऊ नका, असा सल्ला या विद्यार्थ्यांना दिला होता. ज्यांनी संरक्षण द्यायचे, त्यांनीच चुलीकडे बोट दाखवले!

युरोपातून आलेल्यांबाबत अमेरिकेचा अनुभव येथे आठवतो. १७९० च्या कायद्यानुसार तेथे केवळ ‘गोऱ्या’ स्थलांतरितांना नागरिकत्व मिळे आणि आयरिश, इटालियन त्यात बसत होते. तरीही कॅथलिकांची निष्ठा पोपशी आहे, असा संशय दीर्घकाळ राहिला. १८९१ मध्ये न्यू ऑर्लिन्समध्ये जमावाने ११ इटालियनांना ठार केले, तर १९२४ च्या कायद्याने दक्षिण व पूर्व युरोपातून येणाऱ्यांचा कोटा कठोरपणे घटवला. जॉन केनेडी यांनाही १९६० च्या निवडणुकीत आपल्या कॅथलिक धर्माबद्दल खुलासा करावा लागला. भगतसिंग थिंड यांच्यासारख्या भारतीयांना तर १९२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ‘गोरे’ मानण्यासच नकार दिला.

ईशान्येचे लोक मात्र स्थलांतरित नव्हेत, ते प्रजासत्ताकाचे जन्मजात नागरिक आहेत. चेहऱ्यापाठोपाठ धर्मही त्यांच्या वेगळेपणाची खूण ठरतो. २०११ च्या जनगणनेनुसार नागालँड व मिझोराममध्ये ख्रिश्चनांचे प्रमाण ८७ टक्क्यांहून अधिक आहे. महाराष्ट्रानेही याबाबत हात झटकू नयेत. ऑगस्ट २०१२ मध्ये हल्ल्यांच्या बातम्या आणि अफवांमुळे पुणे सोडून जाणारे विद्यार्थी रेल्वेस्थानकावर दिसले होते.

जानेवारी २०१४ मध्ये लाजपत नगरात केसांवरून झालेल्या टिंगलीचे पर्यवसान मारहाणीत झाले आणि अरुणाचलच्या निडो तानियाचा मृत्यू झाला. त्यानंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीने वांशिक अवमान हा स्वतंत्र गुन्हा ठरवण्याची शिफारस केली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पाच किंवा अधिक जणांनी वंशाच्या कारणावरून केलेल्या हत्येसाठी तरतूद आहे. एकट्या माणसाने रस्त्यात दिलेल्या वांशिक शिवीसाठी स्वतंत्र कलम नाही. अनुसूचित जमातींना अत्याचार प्रतिबंधक कायद्याचा आधार असला, तरी मणिपूरचे मैतेई त्या यादीत नाहीत.

दिल्ली पोलिसांचे ईशान्येसाठीचे विशेष पथक आहे आणि १०९३ हा मदत क्रमांकही आहे. तेथवर पोहोचलेल्या शिवीला कोणते कलम लावायचे, हे मात्र आजही तक्रार नोंदवून घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या समजुतीवर अवलंबून राहते.