मिल ग्रोव्हचे कौतुक आणि राहुरीचा मांजा

अमेरिकेत मुलांकडे गेलेली आपल्यातील काही कुटुंबे परतताना फिलाडेल्फियाजवळचे मिल ग्रोव्ह पाहून येतात. १७६२ साली बांधलेले दगडी घर, भोवती राखलेली झाडी, आत पक्ष्यांची चित्रे. जॉन जेम्स ऑडुबॉन १८०३ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, तेथे राहावयास आला. पुढे १८२७ ते १८३८ ह्या काळात त्याने अमेरिकेतील पक्ष्यांची ४३५ चित्रे प्रसिद्ध केली. 'आपल्याकडे असे काही नाही,' हा उद्गार मग ठरलेला. आमचा आक्षेप ह्या उद्गारालाच आहे.

ऑडुबॉन पक्षी बंदुकीने मारी, तारेने फळीवर जखडी आणि मग चित्र काढी. त्या काळी कॅमेरा नव्हता, हे मान्य. परंतु त्याने माणसेही गुलाम म्हणून बाळगली, त्याला कोणती सबब?

आणि आपल्याकडे काय आहे? विसाव्या शतकाच्या आरंभी रेव्हरंड टिळकांचा संसार काही काळ ह्याच राहुरीत होता. लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रां'त ते लिहून ठेवले आहे. टिळकांच्या 'केवढे हे क्रौर्य!' ह्या कवितेतील घायाळ पक्षीण पिलांसाठी घरट्याकडे धडपडत येते. बंदूक धरणाऱ्याच्या नव्हे, तिच्या बाजूने टिळक उभे राहिले. ते आपल्या पंथाचे नव्हते म्हणून की काय, त्यांची भजने आपण गातो आणि ही कविता शाळेतच सोडून येतो.

म्हणूनच संक्रांत आली की आपल्याही घरांत नायलॉन मांजाचे रीळ येते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली त्यावर देशभर बंदी घातली, तरी येते. हा दोरा कुजत नाही. कटलेल्या पतंगाबरोबर तो बाभळीत, विजेच्या तारांवर महिनोन्महिने लोंबत राहतो. घुबड, पारवा, बगळा त्यात अडकतो आणि सुटण्यासाठी जितका झटतो तितका दोरा पंखात रुततो. दुचाकीस्वाराचा गळा चिरला तर बातमी होते. झाडाला लटकून मेलेल्या पक्ष्याची कोण छापतो?

'मुलांची हौस आहे, फादर,' असे पालक सांगतात. सुती दोऱ्याने पतंग उडत नाही काय? दोन चिमण्यांविषयी प्रभू काय म्हणाले, ते ह्याच पालकांनी शंभरदा ऐकले आहे. प्रत्येक जीवाला स्वतःचे मोल आहे, हे पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' ह्या परिपत्रकात पुन्हा बजावले.

तेव्हा येत्या डिसेंबरात, गव्हाणीची तयारी चालू असतानाच, प्रत्येक धर्मग्रामात मांजाचे नाव घेऊन प्रवचन व्हावे. ज्याच्या घरी रीळ असेल त्याने ते ख्रिस्तमंदिरात आणून द्यावे. अमेरिकेचे फोटो आम्ही त्यानंतर आनंदाने पाहू.