नव्या दप्तरांत जुनी नोंद

घरांत नवा संगणक आला कीं मुलांस आनंद होतो आणि वडील माणसांस धास्ती वाटते. ही धास्ती अगदींच निराधार नसते, हें आम्हांस गेल्या दिवाळींत कळलें.

आमच्या कै. काकांनीं २००३ सालीं धुळ्यास संगणकावर आमच्या घराण्याचा वृत्तांत लिहिला. अशा वृत्तांतांत बहुधा पुत्रांचींच नांवें असतात. काकांनीं मात्र वृद्ध आत्याबाईंजवळ बसून लेकींचीं नांवें व सुनांचीं माहेरें विचारून घेतलीं. त्या सांगणाऱ्या आतां राहिल्या नाहींत. टिपणवहीस वाळवी लागली. उरलें तें एक जुनें यंत्र व त्यांतील मराठी अक्षरजुळणीचा प्रोग्राम. तें यंत्रही मधूनच बंद पडूं लागलें, तेव्हां पुतण्यानें जळगांवीं नवा संगणक घेतला व प्रोग्रामाचा सर्व पसारा त्यावर उतरविला. पण प्रोग्राम उघडावयास जातांच उत्तर आलें, ‘नोंद सापडत नाहीं.’ काकू कांहीं बोलल्या नाहींत. उठून देवघरांत गेल्या.

ही नोंद म्हणजे काय? विंडोज या प्रणालींत ‘रजिस्ट्री’ नांवाचें एक दप्तर असतें. प्रोग्राम विधिपूर्वक बसविला म्हणजे तो आपलें ठिकाण, आपले परवाने, आपलीं साधनें या दप्तरांत लिहून ठेवतो. नुसता पसारा उचलून आणला तर नोंद मागेंच राहते. शेत कसणारा शेतांत उभा आहे, पण सातबाऱ्यावर त्याचें नांव नाहीं, तशीच ही गत.

यावर पहिला व सोपा उपाय म्हणजे मूळ तबकडीवरून प्रोग्राम नव्यानें बसविणें. आमची तबकडी हरवली होती. म्हणून पुतण्यानें जुन्या यंत्राच्या दप्तरांतून त्या प्रोग्रामापुरत्या नोंदींची नक्कल काढली व नव्या दप्तरांत घातली. तरीही तेंच उत्तर! कारण शोधतां असें दिसलें कीं, जुनें यंत्र ३२ बिटांचें, नवें ६४ बिटांचें. नव्या दप्तरांत ३२ बिटांच्या प्रोग्रामांकरितां ‘वाव ६४३२ नोड’ नांवाचा निराळा कप्पा असतो व जुना प्रोग्राम त्यांतच पाहतो. आमची नोंद शेजारच्या मोठ्या कप्प्यांत पडली होती. शिवाय तींत लिहिलेला पत्ता ‘प्रोग्राम फाइल्स’ असा होता. नव्या यंत्रांत पसारा ‘प्रोग्राम फाइल्स (एक्स ८६)’ या जागीं ठेविला होता. नोंद योग्य कप्प्यांत नेली, पत्ता दुरुस्त केला, जुने टंक टंकांच्या जागीं बसविले, आणि वृत्तांत उघडला.

ज्यांच्या घरीं असा प्रसंग येईल, त्यांस चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. दप्तरास हात लावण्यापूर्वीं त्याची नक्कल काढून ठेवावी. एक चुकीची खाडाखोड सबंध यंत्र बंद पाडूं शकते. प्रोग्रामाच्या चिन्हावर उजवी कळ दाबून ‘जुन्या विंडोजप्रमाणें चालीव’ अशी आज्ञा देतां येते, ती आधीं देऊन पाहावी. दप्तर साफ करून देतों म्हणणारीं साधनें दूरच ठेवावीं. मायक्रोसॉफ्ट स्वतःच त्यांची शिफारस करीत नाहीं. आणि प्रोग्राम विंडोज ९५ च्याही पूर्वींचा, म्हणजे १६ बिटांचा असेल, तर ६४ बिटांच्या विंडोजवर नोंदी कितीही दुरुस्त केल्या तरी तो चालावयाचा नाहीं. त्यासाठीं नव्या यंत्राच्या पोटांत जुन्या विंडोजचें आभासी यंत्र उभारावें लागतें. २०२१ सालीं आलेली विंडोज ११ ही तर ६४ बिटांचीच आहे.

परंतु प्रोग्राम चालूं लागला म्हणजे काम संपलें, असें मात्र समजूं नये. त्या जुन्या टंकांत मराठी अक्षरें इंग्रजी अक्षरांच्या जागीं बसविलेलीं असतात. टंक गेला कीं आजीचें नांव अर्थहीन रोमन अक्षरें होऊन बसतें. उलट १९९१ सालीं प्रसिद्ध झालेल्या युनिकोडांत देवनागरीस स्वतःचीं १२८ स्थानें आहेत, व तीं कोणा एका प्रोग्रामावर अवलंबून नाहींत. म्हणून उघडलेला वृत्तांत आम्हीं लागलीच युनिकोडांत उतरविला. या रूपांतरांत वेलांट्या व रफार हटकून जागा सोडतात. त्यामुळें काकूंनीं चष्मा लावून चार दिवस एकेक नांव वाचलें, आणि आम्हीं दुरुस्त केलें.

इतिहासाचार्य राजवाडे १९२६ सालीं धुळ्यासच निवर्तले. मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड त्यांनीं छापिले, आणि मोडींतील कितीतरी कागद त्यांत बालबोधींत उतरले. पुढें मोडी वाचणारे विरळ झाले, तरी ते कागद वाचतां येतात, कारण मोडी जाणणारा मनुष्य हयात असतांनाच ते उतरले गेले. आमच्या घरचा कागद लहान, पण न्याय तोच. ज्यांच्या घरीं जुनें यंत्र अद्याप चालत आहे, त्यांनीं तें बंद पडण्याची वाट पाहूं नये. तपासावयास एखाद्या काकू आहेत, तोंवरच हें काम उरकावें.